टाकी फुल केली की बंद पडणारी सीडी १००

गाडी हिरो होंडा सीडी १०० एसएस. ९७.२ सीसी, चार स्ट्रोक, चार गिअर, किक स्टार्ट. वय पंचविशीच्या पुढे, इंजिन एकदा बोअर करून झालेलं. काम एकच. बोरी नदीकाठच्या खेड्यातून पहाटे दुधाचे दोन कॅन लावून अमळनेर गाठायचं, रतीब घालायचा आणि दुपारच्या आत घरी.

तक्रार अशी की तीन-चार किलोमीटर गेलं की गाडीचा दम जातो, झटके देते, चोक ओढला तर शे-दोनशे मीटर ओढत जाते आणि मग बंद. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू. पुन्हा तीन-चार किलोमीटर. उशीर झालेलं दूध वैशाखात नासतं, तेव्हा हा निव्वळ कटकटीचा मामला नव्हता. घरचं रोजचं गणित त्या गाडीवर होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण पेट्रोलच्या वाटेवरचे तीन अडथळे इथे एकावर एक चढले होते आणि त्यातले दोन दुरुस्ती करताना तयार झालेले होते. जुन्या गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं. पेट्रोल पोचत नाही अशी शंका आली की हात थेट कार्बोरेटरकडे जातो. माझं ठाम मत आहे की तो हात आधी टाकीच्या झाकणाकडे जायला हवा, आणि काहीही खोलण्याआधी वाहतं पेट्रोल मोजायला हवं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर बरंच काम झालेलं होतं. प्लग नवा, प्लगची टोपी नवी, सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक खोकं) बदललेला. कार्बोरेटर एकाहून जास्त वेळा धुतलेला. मेन जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणारं मापाचं भोक, मोठा टाकलेला. टाकी आणि कार्बोरेटरच्या मधे कारला बसवतात तसला कागदी फिल्टर, आणि तो मावावा म्हणून पेट्रोलचा पाइप लांब घेऊन इंजिनाच्या बाजूने वर-खाली फिरवलेला. एवढं करूनही दोष जिथल्या तिथे.

गाडीमालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. आप्पांचं निदान ठरलेलं होतं. "भाऊ, तिले ऊन लागस."

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पाइपात वाफेचा बुडबुडा अडकला तर पेट्रोल अडतं, हे खरंच आहे. वाटेत बंद पडली की आप्पा उपरणं ओलं करून कार्बोरेटरवर गुंडाळायचे आणि गाडी सुरू व्हायची, त्यामुळे त्यांचा समज पक्का झाला होता. पण पाणी शोधायचं, उपरणं भिजवायचं, गुंडाळायचं, यात दहा मिनिटं जातातच. गाडी ओल्या फडक्याने सुरू होत होती की त्या दहा मिनिटांनी, हे त्यातून कळत नाही.

म्हणून मी आप्पांना दुरुस्तीबद्दल काही न विचारता वेळापत्रक विचारलं. गाडी बंद कधी पडते? पहाटे पाच-साडेपाचला, जाताना. दुपारी येताना? "दुपारले काहीच नही करस." मग उन्हाचा दोष पहाटे कसा येतो, आणि भर उन्हात गाडी धडधाकट घरी कशी येते? तिथेच आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "टाकी भरेल ऱ्हायनी का बंद पडी जास. लिटर-दीड लिटर ऱ्हायनं का अमळनेरपावत चालस."

हे वाक्य मला सगळ्या खोलाखोलीपेक्षा मोलाचं वाटलं. याआधी ते कोणाला सांगितलं होतं का, असं विचारलं तर म्हणाले, कोणी विचारलंच नाही. टाकी भरलेली असली की पाइपावर पेट्रोलचा दाब जास्त, म्हणजे पुरवठा चांगला हवा. इथे उलटं होत होतं. असं उलटं वागणारा दोष फार थोड्या ठिकाणी असू शकतो.

तरीही आधी एक गोष्ट पक्की करायची होती, की हा दोष पेट्रोलचाच आहे, करंटचा नाही. गरम झाल्यावर ठिणगीची कॉइल किंवा पिकअप कॉइल दगा देते तेव्हाही गाडी बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही दोष सारखेच दिसतात. फरक बंद पडण्याच्या तऱ्हेत असतो. करंट गेला तर गाडी बटण दाबल्यासारखी एकदम बसते. पेट्रोल कमी पडलं तर आधी गाडीचा जोर जातो, मग मिसिंग, मग झटके, आणि चोक ओढला तर जराशी जान येते, कारण हवा कमी झाल्याने उरलेलं थोडकं पेट्रोल पुरतं. आप्पांच्या गाडीचं वागणं दुसऱ्या प्रकारचं होतं. पण ऐकीव लक्षणांवर मी थांबत नाही. टाकी फुल केली, कॅनमध्ये पाणी भरून लावले आणि पहाटे त्याच रस्त्याला गाडी नेली. ठरल्याप्रमाणे ती बंद पडली. तिथेच, झाकणाला किंवा कॉकला (टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीला) हात न लावता, कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते तिच्याखालचा ड्रेन स्क्रू सैल केला. दोन-चार थेंब आले आणि संपलं. प्लग काढला तर कोरडा. करंटचा दोष असता तर वाटी भरलेली आणि प्लग ओला मिळाला असता. ही तपासणी गाडी बंद पडल्याच्या मिनिटभरात करावी लागते. नंतर वाटी हळूहळू भरते आणि पुरावा जातो. गॅरेजमध्ये ढकलत आणलेल्या गाडीची वाटी भरलेली सापडते आणि मेकॅनिक म्हणतो, पेट्रोल तर येतंय.

वाटी रिकामी म्हणजे अडथळा वाटीच्या आधी, हे नक्की झालं. आता फक्त झाकण, टाकी, कॉक, पाइप, फिल्टर आणि फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) एवढंच उरलं. कॉक रिझर्व्हला करून पाहिला होता का? हो, आप्पांनी दर वेळी केला होता, फरक पडला नव्हता. कॉकमध्ये चालू आणि रिझर्व्ह यांची पेट्रोल घ्यायची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असतात. नुसतं एक तोंड तुंबलं असतं तर दुसऱ्याने काम केलं असतं. म्हणजे अडथळा दोघांना सामाईक अशा जागी.

मग मोजणी. पेट्रोलचं काम उघड्यावर, सावलीत, इंजिन थंड असताना, आणि आसपास कोणी बिडी ओढत नाही हे बघून. कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढलं, ते मिलीच्या खुणा असलेल्या बाटलीत सोडलं, घड्याळ लावलं. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडं ठेवून. मिनिटाला साधारण ७० मिली पेट्रोल आलं, आणि धार मिनिटा-मिनिटाला तेवढीच राहिली. शंभर सीसीच्या गाडीला पूर्ण थ्रॉटलवरही यापेक्षा बरंच कमी लागतं, तेव्हा एवढ्यावर गाडी बंद पडायचं कारण नव्हतं. पण अशा गाडीच्या मोकळ्या कॉकमधून याच्या दुपटीहून जास्त यायला हवं, हेही खरं. ते मनात नोंदवून ठेवलं.

मग झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा घड्याळ लावलं. सुरुवात तशीच झाली. थोड्याच वेळात धारेची दोरी झाली, दोरीचे थेंब झाले. अर्धा कप चहा मावेल एवढं पेट्रोल आलं आणि थांबलं. मधूनच एखादा बुडबुडा पाइपातून वर जायचा आणि आणखी चार थेंब पडायचे. त्याच स्थितीत झाकण सैल केलं, आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि धार पुन्हा सुरू.

काचेच्या बाटलीतलं सलाईन लावताना नर्स बुचात एक मोकळी सुई खुपसते, ती हवेसाठी. ती नसेल तर थोडं सलाईन उतरून थांबतं. टाकीच्या झाकणात अशीच हवेची बारीक वाट असते. पेट्रोल जितकं खाली उतरतं तितकी हवा वरून आत यावी लागते. ती वाट बंद झाली की आत दाब उतरत जातो आणि एका क्षणी पेट्रोलचं वजन आणि बाहेरच्या हवेचा दाब एकमेकांना तोलून धरतात.

आता टाकी भरलेली असताना गाडी लवकर का बंद पडते, याचा हिशेब. टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपासून कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत उंची जेमतेम २५-३० सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन टक्के. म्हणजे टाकीतला दाब दोन टक्क्यांनी उतरला की पुरवठा बंद. दहा लिटरच्या आसपासची टाकी, त्यात नऊ लिटर पेट्रोल असेल तर वर हवेला जागा एक लिटर. तिचे दोन टक्के म्हणजे २० मिली. पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, म्हणून प्रत्यक्षात ३०-४० मिली धरा, आणि वर वाटीतलं. भार घेऊन चालताना किलोमीटरला साधारण २० मिली लागतं. तीन-चार किलोमीटर झाले! आणि टाकीत दीडच लिटर असेल तर वर हवेला साडेआठ लिटर जागा. तिथे दोन टक्के दाब उतरायला दीडशे ते तीनशे मिली पेट्रोल जावं लागतं, तेवढ्यात अमळनेर येतं. आप्पांचं निरीक्षण आकड्यांत बरोबर बसलं. पेट्रोल टाकायला पैसे असूनही ते लिटर-लिटर टाकत होते, त्यामागे हे कारण होतं.

दुपारी गाडी नीट का चालायची, तेही यातूनच सुटतं. अमळनेरला गाडी उन्हात उभी राहायची. टाकी तापली की आतली हवा फुगते, पेट्रोलची वाफ वाढते. झाकणातून हवा बाहेरही जात नसल्याने आत उलट दाब चढायचा आणि येताना तोच दाब पेट्रोल खाली ढकलायचा. दुपारी झाकण उघडलं तर फुस्स आवाज बाहेरच्या बाजूला, पहाटे उघडलं तर आतल्या बाजूला. आप्पांनी दोन्ही आवाज ऐकले होते. त्यांच्या मते झाकण "लई घट्ट बसेल से" आणि ते चांगलंच होतं.

झाकण खोललं. आतली मूळ पॅकिंग जागेवर नव्हती. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची कापलेली गोल चकती, अखंड, मधे भोक नाही. हळूहळू उलगडलं. आदल्या पावसाळ्यात जुनी पॅकिंग चिरली होती आणि झाकणातून पाणी टाकीत जात होतं. ते थांबवायला कोणीतरी ही चकती बसवून दिली. पाणी थांबलं. चकतीच्या कडेने सुरुवातीला थोडी हवा येत असावी, म्हणून गाडी पावसाळाभर चालली. पण ट्यूबचं रबर पेट्रोलात फुगतं. महिन्या-दोन महिन्यांत ती चकती जाड आणि मऊ होऊन हवेच्या वाटेवर चपखल बसली. त्यावर वरून काळ्या मातीची धूळ. दोष दिवाळीनंतर सुरू झाला, उन्हाळ्यात लक्षात यायला लागला, आणि तोवर पावसाळ्यातली पॅकिंग सगळे विसरून गेले होते. गाडीचा इतिहास विचारताना मी दोष सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय काय बदललं हे विचारतो, ते याचसाठी. दुरुस्ती आणि दोष एकाच दिवशी आले तर नातं कुणालाही दिसतं. मधे दोन महिने गेले की दिसत नाही.

मापाची नवी पॅकिंग आणली. झाकणातली हवेची वाट तांब्याच्या बारीक तारेने आणि पेट्रोलने साफ केली, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते हे बघितलं. किंमत किरकोळ. झाकणाच्या आतली पत्री गंजून गेली असती तर झाकणच बदललं असतं.

इथे बरेच जण काम संपवतील, कारण गाडी आता बंद पडत नव्हती. मला ते ७० मिली खटकत होते.

कागदी फिल्टर काढून पुन्हा मोजलं. धार जवळजवळ दुप्पट झाली. कारमधला फिल्टर पंपाच्या जोरावर चालतो. इथे पंप नाही, वीतभर उंचीचं वजन आहे. त्या वजनाला तो दाट कागद जड जातो, आणि थोडा गंज अडकला की आणखी जड. त्याहून वाईट होता तो पाइपाचा उंचवटा. टाकीतून निघालेला पाइप फिल्टरसाठी खाली जाऊन परत वर येत होता. पाइप सलग उतरता असेल तर वाफेचा बुडबुडा आपोआप वर टाकीत निघून जातो. मधे चढ असेल तर बुडबुडा तिथेच ठाण मांडतो. म्हणजे उन्हाचा त्रास नसलेल्या गाडीला तो पाइप उन्हाचा त्रास द्यायला तयार होता. झाकण दुरुस्त झाल्यावर टाकीत दुपारचा दाब राहणार नव्हता, आणि मग मे महिन्यात कधीतरी गाडी खरोखरच उन्हाने बंद पडली असती. फिल्टर काढून टाकला, पाइप नवा, आखूड, सरळ उतरता, इंजिनाच्या डोक्यापासून लांब. फिल्टर हवाच असेल तर विनापंपाच्या मोटारसायकलींसाठीचा जाळीचा छोटा मिळतो, तो घ्यावा. या गाडीला मी लावला नाही. कॉकची जाळी नीट असली की पुरते.

ती जाळी मात्र नीट नव्हती. टाकी रिकामी करून कॉक उतरवला. जाळीवर तांबूस गाळ, निम्मी तुंबलेली. टाकीतून काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत तासभर स्थिर ठेवलं. तळाला गंजाची भुकटी बसली, पण पाण्याचा वेगळा थर नव्हता. ही बरणीची तपासणी आता करावीच. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नेहमीचं झालं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर करतात. कॉक घेतो तळातून, म्हणजे इंजिनाला नेमका तोच थर मिळतो. गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग २० टक्के इथेनॉलला टिकतील असे एप्रिल २०२३ पासूनच्या उत्पादनात धरले आहेत. पंचवीस वर्षांच्या गाडीचा पाइप, कॉकचं रबर, फ्लोट निडलचं टोक यांच्यावर म्हणून लक्ष हवं. पण चौकात हल्ली प्रत्येक मिसिंगचं खापर इथेनॉलवर फुटतं, आणि या गाडीत त्याचा संबंध नव्हता. बरणी बघितल्याशिवाय मी तसं म्हणत नाही.

टाकी अ‍ॅसिडने धुवावी असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. आतला गंज वरवरचा होता. जुना पत्रा कुठे किती झिजलाय हे दिसत नाही, अ‍ॅसिडने गंजाबरोबर पत्रा गेला तर टाकी घामासारखी पाझरायला लागते. थोड्या पेट्रोलात मूठभर नट-बोल्ट टाकून टाकी हलवली, गाळ ओतला, गाळ येईनासा होईपर्यंत तेच केलं. नट-बोल्ट मोजून टाकले, मोजून काढले. यापुढे टाकी निम्म्याहून कमी ठेवायची नाही असं आप्पांना सांगितलं, कारण रिकाम्या जागेत दमट हवा येते आणि गंज तिथेच धरतो. आतापर्यंत ते नाइलाजाने नेमकं याच्या उलट करत होते.

कॉक साफ, पाइप नवा, झाकण बंद. मिनिटाला १८० मिलीच्या वर, आणि पाच मिनिटं धार अखंड.

शेवटी कार्बोरेटर. तो खोलण्याआधी वाटीच्या ड्रेनला सलाईनची पारदर्शक नळी जोडून ती वाटीच्या बाजूने वर धरली आणि ड्रेन स्क्रू उघडला. नळीत जी पातळी दिसते तीच आत वाटीत असते. इंजिन सुरू करून रेस केलं तरी पातळी टिकली. पुरवठा पुरेसा आहे याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही, आणि नळी कुठल्याही मेडिकलवर मिळते. एवढं झाल्यावर आत एकच काम उरलं, मेन जेट. उपाशी राहणाऱ्या इंजिनाला कोणीतरी मोठा जेट दिला होता. वाटीच रिकामी होत असताना जेट मोठा करून उपयोग नव्हता, उलट वाटी जास्त लवकर रिकामी व्हायची. आता पेट्रोल पूर्ण मिळायला लागल्यावर त्याच जेटने प्लग काळा केला, सायलेन्सरातून काळसर धूर यायला लागला. जेटवर आकडा कोरलेला असतो. त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याचा जेट परत बसवला, हवेचा स्क्रू लावला. पुढच्या फेरीनंतर प्लगचं टोक विटकरी-तपकिरी निघालं.

परीक्षा त्याच अटींवर घेतली. टाकी काठोकाठ, कॅन भरलेले, पहाटेची वेळ. अमळनेरला न थांबता पुढे चोपड्याच्या रस्त्याने तापीच्या पुलापर्यंत आणि परत. पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता, उन्हात उभी करून ठेवलेली गाडी घेऊन तोच रस्ता. कुठेही दम गेला नाही.

एक गोष्ट राहिली होती आणि ती मी आप्पांना स्पष्ट सांगितली. फ्लोटची निडल थोडी झिजलेली आहे. आतापर्यंत पुरवठाच तोकडा होता म्हणून ते कळलं नाही. आता पूर्ण पुरवठा आहे, तर गाडी उभी असताना वाटी कधी कधी भरून वाहील, आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीने जमिनीवर न पडता इंजिनात उतरलं तर ऑइल पातळ होईल. निडल-सीटचा जोड शहरातून मागवला आहे. तो येईपर्यंत गाडी उभी केली की कॉक बंद करायचा, रोज सकाळी ऑइलची डिपस्टिक हुंगायची, आणि पेट्रोलचा वास आला तर किक न मारता फोन करायचा.